चोरी लहान की मोठी? फिर्याद लिहिण्यापूर्वी पाहावयाच्या गोष्टी

गेल्या पावसाळ्यात कृष्णाकाठच्या एका शेतकऱ्याने माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. निळ्या बॉलपेनने लिहिलेल्या त्या अर्जात मजकूर होता तो एवढाच: ‘माझी मोटारीची तांब्याची केबल अज्ञात चोरट्याने चोरून नेली असून तिची किंमत अंदाजे ४५०० रुपये आहे, तरी चौकशी होऊन न्याय मिळावा ही विनंती.’ पोलीस ठाण्यातून त्याला अदखलपात्र नोंदीची, म्हणजे आपण ज्याला ‘एन.सी.’ म्हणतो तिची, प्रत मिळाली होती आणि पंधरवडा उलटला तरी तपासाला कोणी का आले नाही हे त्याला कळत नव्हते. केबल होती कुठे, असे मी विचारले. “मोटारीच्या खोलीत, वकीलसाहेब. पुराच्या भीतीनं मोटार वर काढली होती, केबल वेटोळं करून आत ठेवलेली.” खोलीला कुलूप होते का? “होतं की. कटरनं तोडलं.” आणि केव्हा? “रात्रीच. सकाळी पाणी किती चढलंय बघायला गेलो तवा कळलं.” या तीन उत्तरांपैकी एकही अर्जात नव्हते, आणि चोरी लहान की मोठी हे ठरवणारी माहिती नेमकी तीच होती.

किंमत कमी म्हणजे चोरी लहान आणि किंमत जास्त म्हणजे चोरी मोठी, हा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णपणे चुकीचा नाही, पण आपल्या कायद्यात किमतीपेक्षा वस्तू कोठे होती, ती कशी नेली आणि कोणी नेली या तीन प्रश्नांना अधिक वजन आहे. सांगलीच्या विजयनगरातील न्यायालयात चोरीचे जे कागद माझ्या हातात येतात, त्यांत किंमत रुपयापर्यंत लिहिलेली असते आणि हे तीन प्रश्न मात्र अनेकदा कोरे राहिलेले असतात.

किमतीच्या रेषेचा इतिहास

अमेरिकेतील बातम्यांमुळे किंवा तिकडे शिकणाऱ्या मुलांमुळे ‘पेटी थेफ्ट’ आणि ‘ग्रँड लार्सेनी’ हे शब्द आपल्याकडेही कानावर पडू लागले आहेत. त्यांचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. १२७५ च्या वेस्टमिन्स्टर कायद्यापासून तेथे बारा पेन्सची रेषा ओढली गेली. बारा पेन्सपर्यंतची चोरी किरकोळ आणि तिच्यावरची मोठी, असा तो हिशेब होता. आणि मोठ्या चोरीला फाशी होती. नाणे घसरत गेले, रेषा मात्र जागेवरच राहिली. परिणामी, आरोपीला फासावरून वाचवण्यासाठी ज्यूरीचे लोक जाणूनबुजून मालाची किंमत कमी ठरवू लागले. अखेर १८२७ साली इंग्लंडने हा भेदच रद्द केला.

अमेरिकेतील राज्यांनी मात्र तो जपला आहे आणि प्रत्येक राज्याची रेषा वेगळी आहे. न्यूयॉर्कमध्ये १००० डॉलरपेक्षा अधिक किमतीची चोरी ‘ग्रँड लार्सेनी’ ठरते; पुढे ३०००, ५०,००० आणि १० लाख डॉलर अशा चढत्या पायऱ्या आहेत आणि सर्वांत वरच्या पायरीला २५ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्याखालच्या ‘पेटिट लार्सेनी’ला जास्तीत जास्त ३६४ दिवस. कॅलिफोर्नियाची रेषा ९५० डॉलरवर आहे, तर टेक्सासमध्ये २५०० डॉलरपासून चोरी गंभीर गुन्ह्यात जाते. तेथेही सगळे किमतीवर नाही, हे ध्यानात ठेवावे: न्यूयॉर्कमध्ये माणसाच्या अंगावरून काढलेली वस्तू, क्रेडिट कार्ड किंवा बंदूक चोरली असेल तर ती कितीही स्वस्त असली तरी चोरी ‘ग्रँड’च होते. ज्यांची मुले तिकडे शिकतात त्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत दुकानातील दहा डॉलरची चोरीसुद्धा नैतिक अधःपतनाचा गुन्हा मानली जाऊ शकते आणि तिचा परिणाम व्हिसावर होतो. ‘किरकोळ आहे, दंड भरून टाकतो’ असे म्हणून वकील न घेता गुन्हा कबूल करणे हा तेथे सर्वांत महाग पडणारा मार्ग आहे.

आपली १८६० ची भारतीय दंड संहिता तयार झाली तेव्हा इंग्लंडमध्ये ही रेषा पुसली गेलेली होती. त्यामुळे चोरीच्या व्याख्येच्या कलम ३७८ मध्ये किंवा शिक्षेच्या कलम ३७९ मध्ये रकमेचा उल्लेखच नव्हता: पन्नास रुपयांची चोरी असो की पन्नास लाखांची, कमाल शिक्षा तीन वर्षे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ५००० रुपयांची रेषा प्रथमच शिक्षेच्या कलमात आणली. चोरी त्या तारखेपूर्वीची असेल तर जुनीच संहिता लागू राहते, म्हणून अर्जातील तारीख अचूक असली पाहिजे.

आधी ती चोरी आहे का, हे पाहावे

न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरी होण्यासाठी वस्तू जंगम, म्हणजे हलवता येणारी, असावी लागते, ती दुसऱ्याच्या ताब्यात असावी लागते, ताबा असलेल्याची संमती नसावी लागते, घेणाऱ्याचा इरादा लबाडीचा असावा लागतो आणि त्या इराद्याने वस्तू जागेवरून हलवलेली असावी लागते. ती दूर नेलीच पाहिजे असे नाही. ‘मुद्दाम लबाडीच्या इराद्याने, माझ्या संमतीशिवाय, माझ्या ताब्यातून चोरून नेली’ हे पोलीस ठाण्यातील फिर्यादीत नेहमी येणारे वाक्य ऐकायला साचेबद्ध वाटते खरे, पण त्यातील एकेक शब्द व्याख्येच्या एकेका घटकासाठी आलेला आहे, म्हणून त्याची चेष्टा करू नये आणि ते गाळूही नये.

आपल्या जिल्ह्यात जंगम-स्थावराचा प्रश्न वारंवार येतो. उभा ऊस, वेलीवरचा द्राक्षाचा घड किंवा बांधावरचे चंदन जमिनीला जोडलेले असते तोपर्यंत कायद्याच्या दृष्टीने जंगम नसते. ते तोडले की त्याच क्षणी जंगम होते आणि तोडणे व हलवणे ही एकच कृती असली तरी चोरी पूर्ण होते. वाळूचेही तसेच आहे. नदीपात्रातील वाळू परवान्याशिवाय उचलणे हा केवळ महसूल खात्याच्या दंडाचा विषय नसून चोरीचा गुन्हाही ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलेले आहे. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की रस्त्याने जाणाऱ्याने एखादा ऊस मोडून खाल्ला तर संहितेचे कलम ३३ त्याच्या मदतीला येते. सर्वसाधारण समजुतीचा माणूस ज्याबद्दल तक्रार करणार नाही अशी क्षुल्लक हानी त्या कलमानुसार गुन्हा ठरत नाही.

‘परत देणारच होतो’ हा बचाव मात्र चालत नाही. अलवरमधील एका सरकारी कार्यालयातील फाईल एक-दोन दिवसांसाठी बाहेर नेऊन परत ठेवली होती. तरी ती चोरीच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली दिला. तात्पुरते वंचित करणे हेही वंचित करणेच आहे.

काही प्रकार चोरीसारखे दिसतात पण चोरी नसतात, आणि येथे चूक झाली की पुढचा सगळा कागद चुकतो. शीतगृहात ठेवलेला बेदाणा गोदामवाल्याने तुमच्या परवानगीशिवाय विकला तर तो माल तुम्हीच त्याच्या हवाली केलेला असल्यामुळे ती चोरी होत नाही, तर फौजदारी विश्वासघात होतो. वाहतूकदार व गोदामचालक यांच्यासाठी कलम ३१६ मध्ये वेगळी तरतूद असून तीत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दागिना घडवण्यासाठी दिलेले सोने घेऊन कारागीर निघून गेला तरी प्रश्न विश्वासघाताचाच. एसटीच्या बाकावर राहिलेला मोबाइल सापडला आणि मालक शोधता येत असूनही ठेवून घेतला, तर तो कलम ३१४ खालील अपहार. त्याला किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे कारावास व दंड आहे. ‘सापडलं ते माझं’ ही म्हणण्यापुरती गोष्ट आहे, कायद्यातील नव्हे.

५००० रुपयांची रेषा नेमके काय करते

कलम ३०३ च्या दुसऱ्या पोटकलमात साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर दोषी ठरल्यास किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षे सश्रम कारावास व दंड. याच पोटकलमाला जोडलेले परंतुक, म्हणजे अपवादाची अट, असे की मालाची किंमत ५००० रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा मालाची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावी. तिन्ही अटी एकत्र लागतात. समाजसेवा म्हणजे समाजाच्या उपयोगाचे, न्यायालयाने ठरवून दिलेले आणि मोबदला नसलेले काम.

शिक्षेचा भाग खटल्याच्या शेवटी येतो. फिर्यादीला या रेषेचा चटका मात्र पहिल्याच दिवशी बसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास व खटल्याची कार्यपद्धती ठरवणाऱ्या कायद्याच्या, पहिल्या परिशिष्टात साधी चोरी दखलपात्र व अजामीनपात्र आहे, परंतु ५००० रुपयांखालील चोरी अदखलपात्र व जामीनपात्र केलेली आहे. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही. त्या शेतकऱ्याकडे कोणी फिरकले नाही याचे कारण पोलिसांचा आळस नव्हता. अर्जात जे लिहिले होते त्यावरून तपासाचा अधिकारच त्यांना मिळत नव्हता. माझ्या मते ही तरतूद हेतूने चांगली आणि परिणामाने थोडी कठोर आहे, कारण रोजंदारीवरील माणसाचा चार हजारांचा मोबाइल त्याच्यासाठी किरकोळ नसतो. पण कायदा आहे तसा समजून घेऊनच अर्ज लिहावा लागतो.

किंमत म्हणजे चोरीच्या वेळी त्या स्थितीत त्या वस्तूला बाजारात जे मोल आले असते ते. नव्या वस्तूची खरेदी पावती हा उत्तम पुरावा. जुन्या वस्तूसाठी पावती जोडून वापराचा काळ लिहावा आणि त्याच धंद्यातील दुकानदाराकडून अंदाज लिहून घ्यावा. एकाच वेळी अनेक वस्तू गेल्या असतील तर प्रत्येकीची किंमत वेगळी लिहून खाली बेरीज द्यावी. मोबाइलबरोबर कव्हर, चार्जर, पाकीट आणि पाकिटातील रोकड गेली असताना केवळ मोबाइलची किंमत लिहिणे ही नेहमीची चूक आहे. मात्र रेषा ओलांडण्यासाठी आकडा फुगवू नये. लोकसेवकाला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा कलम २१७ खाली गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. शिवाय उलटतपासणीत फुगवलेला आकडा फुटला की बाकीच्या खऱ्या जबाबावरचाही विश्वास उडतो.

कोठे, कशी, कोणी

आता ज्या तीन प्रश्नांसाठी हा लेख लिहिला त्यांच्याकडे वळू. यांतील कोणत्याही प्रकारात चोरी बसली की ५००० रुपयांची रेषा लागूच होत नाही.

पहिला प्रश्न जागेचा. कलम ३०५ नुसार माणसाच्या राहण्याच्या किंवा मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीतून, तंबूतून किंवा जहाजातून केलेली चोरी, प्रवासी किंवा मालवाहतुकीच्या वाहनाची चोरी, अशा वाहनातील वस्तूची चोरी, प्रार्थनास्थळातील मूर्तीची चोरी आणि शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालमत्तेची चोरी, या सर्वांना सात वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे. म्हणून घरातून गेलेला तीन हजारांचा मिक्सर हा चौकातून गेलेल्या तीन हजारांच्या मोबाइलपेक्षा कायद्याच्या नजरेत मोठा गुन्हा ठरतो. महापालिकेच्या गटारीचे लोखंडी झाकण किंवा ग्रामपंचायतीच्या नळाची तोटी भंगारात दोन-चारशे रुपयांना जात असेल, पण ती स्थानिक प्राधिकरणाची मालमत्ता आहे, आणि तेवढ्यावरून प्रकरण सात वर्षांच्या कलमात जाते.

सांगलीच्या बसस्थानकावरचे उदाहरण घ्यावे. मिरजेची गाडी लागते, दाराशी झुंबड उडते आणि कोणाच्या तरी खिशातून मोबाइल जातो. तो फलाटावर उभे असताना गेला असेल तर साधी चोरी, आणि मोबाइल जुना असेल तर कदाचित अदखलपात्र. तोच मोबाइल गाडीत चढून आसनावर बसल्यानंतर गेला असेल, तर प्रवासी वाहनातील वस्तूची चोरी म्हणून कलम ३०५ चा विचार करावा लागतो. दोन पावलांचा फरक. म्हणून ‘बसस्थानकावर मोबाइल चोरीला गेला’ एवढे न लिहिता, शेवटचा मोबाइल हातात केव्हा होता, तिकीट काढताना तो होता का आणि नाही हे केव्हा लक्षात आले, हे आठवून लिहावे. तिकीटही जपून ठेवावे.

कुलूप तोडून किंवा आडवाटेने शिरून केलेली चोरी म्हणजे आपली घरफोडी. तीत कलम ३०५ बरोबर कलम ३३१ येते: चोरीच्या उद्देशाने घरफोडी केल्यास दहा वर्षांपर्यंत, आणि ती सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केल्यास चौदा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मालमत्ता ठेवण्यासाठी वापरली जाणारी इमारत यात येते, म्हणजे मोटारीची खोली, बेदाण्याच्या शेडला लागून असलेले कुलूपबंद गोदाम आणि हळदीची वखारही. घराचा उंबरा हीच सीमा नव्हे.

दुसरा प्रश्न पद्धतीचा. गळ्यातील मंगळसूत्र किंवा हातातील पिशवी अचानक किंवा जोराने ओढून नेणे याला न्याय संहितेने कलम ३०४ मध्ये प्रथमच स्वतंत्र नाव दिले. शिक्षा मात्र तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड एवढीच ठेवली, म्हणजे कारावासाची कमाल मर्यादा साध्या चोरीइतकीच. नवे नाव देऊन जुनीच मर्यादा ठेवण्याचे कारण मला आजतागायत पटलेले नाही. परंतु ओढताना दुखापत केली, वाट अडवली किंवा तत्काळ इजेची भीती घातली, तर ती चोरी राहत नाही, जबरी चोरी होते. कलम ३०९ मध्ये तिला दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास आहे आणि महामार्गावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत झाल्यास चौदा वर्षांपर्यंत. रात्री कराडकडून येताना महामार्गावर चाकू दाखवून दोनशे रुपये काढून घेतले असतील तर ते दोनशे रुपये नव्हे, तो चाकू आणि ती वेळ गुन्ह्याचा आकार ठरवतात. पाच किंवा अधिक जण मिळून जबरी चोरी करतील किंवा तिचा प्रयत्न करतील तर तो कलम ३१० खालील दरोडा, आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. म्हणून मानेवरील ओरखडा, हाताला बसलेला झटका, किती जण होते आणि ते काय बोलले, हे फिर्यादीत आलेच पाहिजे आणि दुखापत असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. ‘एवढ्याशा खरचटण्याला काय दाखवायचं’ असे घरच्या बायकांना अनेकदा वाटते. त्या खरचटण्यानेच कलम बदलते.

तिसरा प्रश्न माणसाचा. नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरल्यास कलम ३०६ नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, किंमत कितीही असो. टोळीने पाकीटमारी, दुकानातील चोरी, वाहनातील चोरी असे उद्योग करणाऱ्यांसाठी कलम ११२ मध्ये किरकोळ संघटित गुन्ह्याची तरतूद आहे. नावात ‘किरकोळ’ असले तरी शिक्षा किमान एक वर्ष आणि कमाल सात वर्षे आहे. यात्रेत एकाने धक्का दिला, दुसऱ्याने पाकीट काढले आणि तिसऱ्याने ते पुढे सरकवले असे पाहिले असेल तर तिघांचेही वर्णन द्यावे.

अर्ज कसा लिहावा

त्या शेतकऱ्याचा अर्ज आम्ही पुन्हा लिहिला. त्यातला मुख्य परिच्छेद, गाव व तारीख वगळून, असा होता:

‘दिनांक … रोजी सायंकाळी ७ च्या सुमारास मी मौजे … येथील नदीकाठच्या माझ्या मोटारीच्या खोलीस कुलूप लावून घरी गेलो. सदर खोली विटांची व पत्र्याच्या छताची असून तिचा उपयोग मी मोटार, स्टार्टर व केबल ठेवण्याकरिता करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता मी तेथे गेलो असता कुलूप तुटून खाली पडलेले व दाराची कडी उचकटलेली दिसली आणि आत ठेवलेली ७० फूट तांब्याची केबल मिळून आली नाही. केबलची वापरलेल्या स्थितीतील किंमत सुमारे ४५०० रुपये असून खरेदीची पावती सोबत जोडली आहे. तरी रात्री कोणीतरी अज्ञात इसमाने खोलीचे कुलूप तोडून आत प्रवेश करून, माझ्या संमतीशिवाय, लबाडीच्या इराद्याने सदर केबल चोरून नेली आहे.’

किंमत तीच राहिली, एक रुपयाही वाढवला नाही. फिर्यादीने कलमे लिहावीत अशी अपेक्षा नसते. हकीकत पूर्ण असली की कलमे त्यातून निघतात. या अर्जावर दखलपात्र गुन्हा नोंदवला गेला आणि त्याच दिवशी पंचनामा झाला. तुटलेले कुलूप मात्र दरम्यान त्याने घरी नेऊन खिळ्यांच्या डब्यात टाकले होते. असे करू नये. घटनास्थळी काहीही हलवण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत आणि पोलीस येईपर्यंत कुलूप, कडी, दार यांना हात लावू नये.

मोबाइल गेला असेल तर आय.एम.ई.आय. क्रमांक अर्जात लिहावा. तो खोक्यावर व पावतीवर असतो. हाती असलेल्या मोबाइलवर *#०६# दाबल्यावर तो दिसतो, तेव्हा आजच लिहून ठेवलेला बरा. तक्रारीची प्रत मिळाल्यावर ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तो क्रमांक बंद करण्याची विनंती करता येते.

हद्दीचा प्रश्न आता पूर्वीसारखा अडवत नाही. स्वारगेटला गाडीत बसताना बॅगेत असलेले दागिने सांगलीत उतरताना नसतील, तर सांगलीतच माहिती देता येते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडला असला तरी ती नोंदवून घ्यावी लागते आणि मग संबंधित ठाण्याकडे वर्ग केली जाते. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही माहिती पाठवता येते, मात्र तीन दिवसांत ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते, अन्यथा ती नोंदीत येत नाही. ज्या गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षे किंवा अधिक परंतु सात वर्षांपेक्षा कमी आहे, त्यात उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना आहे. साधी चोरी या वर्गात येते, म्हणून लगेच गुन्हा नोंदला नाही तर चौकशी सुरू आहे का, हे आधी विचारावे. गुन्हा नोंदवल्यावर प्रथम खबरीची, म्हणजे ‘एफ.आय.आर.’ची, प्रत विनामूल्य मिळते. सही करण्यापूर्वी ठाणे अंमलदाराने लिहिलेला मजकूर वाचून घ्यावा. जागा, वेळ व पद्धत त्यात उतरली आहे ना, एवढे तरी पाहावे.

नोंद घेण्यास नकार मिळाला तर तीच माहिती लेखी स्वरूपात पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, पोचपावती जपावी आणि तरीही काही न झाल्यास प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. प्रकरण खरोखरच ५००० रुपयांखालील साध्या चोरीचे असेल तर भांडण्यात अर्थ नाही. अदखलपात्र नोंदीची प्रत घेऊन कलम १७४ खाली तपासाचा आदेश मागण्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे जावे. एकाच घटनेतील एक जरी गुन्हा दखलपात्र असेल तरी सगळे प्रकरण दखलपात्र मानले जाते, हेही त्याच कलमात आहे.

चोर अठरा वर्षांखालील निघाला तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. तेथील वर्गवारी वेगळी आहे: कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असलेला गुन्हा किरकोळ, त्याहून अधिक शिक्षेचा त्या वर्गात येत नाही. शेजारच्या मुलाने अंगणातून सायकल नेली की घरात शिरून घड्याळ नेले, यावर त्याचे पुढचे बरेच काही अवलंबून असते, म्हणून रागाच्या भरात हकीकत वाढवून सांगू नये.

माल सापडल्यानंतर

कलम ३०३, ३०५ किंवा ३०६ खालील चोरीचा माल २०,००० रुपयांपर्यंतचा असेल तर खटला संक्षिप्त पद्धतीने चालतो. त्या पद्धतीत तीन महिन्यांपेक्षा अधिक कारावास देता येत नाही. कलम ३०३ खालील साध्या चोरीत मालाचा मालक आरोपीशी तडजोडही करू शकतो. घरातील चोरीत ती मुभा नाही.

मुद्देमाल ठाण्यात किंवा न्यायालयात पडून राहू नये यासाठी मालकाने स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून तो सुपूर्दनाम्यावर ताब्यात घ्यावा. वाहने वर्षानुवर्षे ठाण्याच्या आवारात गंजत ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले आहे. अर्जासोबत मालकीची पावती, ओळखपत्र आणि प्रथम खबरीची प्रत लागते; छायाचित्रे काढून व पंचनामा करून वस्तू दिली जाते आणि न्यायालय मागेल तेव्हा हजर करण्याची हमी लिहून द्यावी लागते. त्या शेतकऱ्याच्या ७० फुटांपैकी एका भंगारवाल्याकडे ४० फूट केबल मिळाली, तीही वरचे आवरण जाळून तांबे मोकळे केलेली. ओळख पटवायला एका टोकाला त्याने स्वतः बसवलेली पितळी लग, म्हणजे केबलचे टोक जोडण्याचा तुकडा, उपयोगी पडली. तिचा उल्लेख दुसऱ्या अर्जाच्या शेवटच्या ओळीत केलेला होता.